प्रसाधनाची मर्यादा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर राज्यकारभार, संतवाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय नेहमीचे आहेत. त्यांच्या पंक्तीला फेशियल आणि भुवया कोरणे हा विषय बसलेला पाहून आपल्यापैकी काहींनी मनातल्या मनात नाक मुरडले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. परंतु आज तालुक्याच्या गावी बाजारपेठेतून फेरफटका मारला, तर ब्यूटी पार्लरच्या दोन-चार पाट्या सहज दिसतात. मोठ्या शहरात याच धंद्याला ‘स्पा’ असे नाव मिळाले आहे. हे नाव बेल्जममधल्या स्पा या गावाचे. तिथल्या खनिज पाण्याच्या झऱ्यांवर लोक प्रकृतिस्वास्थ्यासाठी जात, जसे आपल्याकडे वज्रेश्वरीच्या कुंडांवर जातात. पुढे गावाचे नाव धंद्याला चिकटले आणि झरा मागे राहिला. लग्नसराईत या ठिकाणी बसायला जागा मिळत नाही. मुली जातात, प्रौढ स्त्रिया जातात आणि अलीकडे पुरुषही जातात. इतकी माणसे जिथे आपला चेहरा दुसऱ्याच्या हाती देतात, तिथे नेमके काय घडते हे समजून घेणे हा काही थिल्लर उद्योग नव्हे.

तेव्हा आजच्या व्याख्यानात तीनच प्रश्न घेऊ. पार्लर काय करू शकते? काय करू शकत नाही? आणि त्याने कोठे थांबले पाहिजे?

त्वचेची घडण

यासाठी प्रथम त्वचेची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. आपल्या सुश्रुताने त्वचेचे सात थर सांगितले आहेत. आधुनिक शास्त्र ढोबळ मानाने दोन मुख्य थर मानते : वरची बाह्यत्वचा आणि खालची अंतस्त्वचा. बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या एक-दशांश इतकी, म्हणजे साध्या कागदाएवढी जाड असते. पापण्यांवर ती त्याच्याही निम्मी असते. अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, ज्ञानतंतू, घामाच्या व तेलाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे असतात.

बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत जन्माला येत असतात. जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, वाटेत चपटी होते, केरॅटिन नावाच्या कठीण द्रव्याने भरते आणि पृष्ठभागाशी येईपर्यंत मरून जाते. अशा मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे एकावर एक बसून जो थर होतो, त्याला शृंगी थर म्हणतात. तळापासून गळून पडेपर्यंतचा हा प्रवास तरुणपणी साधारण चार आठवड्यांचा असतो. वय वाढते तसा तो मंदावतो. आपण आरशात ज्याला ‘चेहरा’ म्हणून पाहतो, त्याचा सर्वांत वरचा पापुद्रा हा असा निर्जीव असतो. केसाचेही तसेच. मूळ जिवंत, पण बाहेर दिसणारा केस हे मेलेले केरॅटिन. म्हणून तर केस कापताना दुखत नाही आणि उपटताना दुखते.

माझे सगळे प्रतिपादन या एका गोष्टीवर उभे आहे. पार्लरमधले जे चांगले काम आहे, ते बहुतेक सारे या निर्जीव भागावरचे काम आहे. जिथे जिवंत भाग सुरू होतो, तिथे पार्लरची हद्द संपते आणि वैद्याची सुरू होते.

फेशियल म्हणजे काय?

फेशियलमध्ये साधारणपणे पाच गोष्टी असतात. प्रथम चेहरा पुसून स्वच्छ करतात. मग बारीक कणांच्या लेपाने घासतात. वाफ देऊन नाकावरचे काळे ठिपके काढतात. नंतर मालिश, आणि शेवटी लेप.

घासण्याने सुटायला आलेल्या मृत पेशी निघून जातात. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की त्यावरून प्रकाश सरळ परावर्तित होतो आणि चेहरा उजळ दिसतो. घासलेले तांब्याचे भांडे चकाकते, त्यातलाच हा प्रकार. वाफेने रंध्रे ‘उघडतात’ आणि बर्फाने ‘मिटतात’, असे सर्रास सांगितले जाते. पण रंध्राला दारासारखी उघडझाप करणारा स्नायूच नसतो. वाफेने आत साठलेले तेल मऊ होते, एवढेच, आणि तेवढ्याने काम सोपे होते. काळा ठिपका म्हणजे धूळ असेही समजू नये. रंध्रात साचलेले तेल आणि रंगद्रव्य यांचा हवेशी संयोग होऊन तो काळा पडतो. त्यामुळे जोरजोराने तोंड धुतल्याने तो जात नाही. मालिशने रक्ताभिसरण वाढते आणि काही वेळ गालांवर लाली येते. लेप वाळताना कातडी ताणल्यासारखी वाटते आणि लेपातला ओलावा शृंगी थरात मुरून तो थर किंचित फुगतो. दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचे असेल, तर याचा उपयोग निश्चित आहे. मात्र हा परिणाम काही दिवसांचा असतो, हे पैसे देताना लक्षात ठेवावे.

आता ‘सोन्याचे फेशियल’, ‘कोलॅजेनचे फेशियल’ अशी नावे ऐकू येतात. शृंगी थर निर्जीव असला तरी निरुपयोगी नाही. तो शरीराची तटबंदी आहे. इ. स. २००० मध्ये बॉस आणि मायनार्डी या दोन शास्त्रज्ञांनी असे मांडले, की ज्या द्रव्याच्या रेणूचे वजन ५०० डाल्टनहून अधिक असते, ते निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाही. कोलॅजेनच्या रेणूचे वजन सुमारे ३ लाख डाल्टन असते. वेशीच्या दिंडीदरवाजातून हत्ती आत घेण्याचाच हा प्रकार. वरून लावलेले कोलॅजेन वरच राहते, थोडा ओलावा धरून ठेवते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. अंतस्त्वचेत असलेल्या कोलॅजेनमध्ये त्याची भर पडत नाही.

याचा अर्थ घरचे तेवढे सगळे चांगले, असा मात्र कोणी काढू नये. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाचे उटणे घ्या. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, चंदन अशा द्रव्यांचे ते भरड चूर्ण. तेल जिरवून ते लावल्याने मळ व मृत पेशी निघतात आणि तेलाचा ओलावा टिकतो. फेशियलचे तत्त्व याहून फारसे वेगळे नाही. डाळीचे पीठ आणि दही यांतही अर्थ आहे, कारण दह्यात लॅक्टिक आम्ल असते. व्हॅन स्कॉट आणि यू या संशोधकांनी १९७४ मध्ये अशा सौम्य आम्लांचा त्वचेच्या खवल्यांवर होणारा परिणाम दाखवून दिला आणि त्यातूनच आजची ‘पील’ची उपचारपद्धती वाढली. पण लिंबाची फोड चेहऱ्यावर चोळून उन्हात जाणे मात्र धोक्याचे. लिंबाचा रस तीव्र आम्ल असतो, शिवाय त्याच्या सालीतली काही द्रव्ये उन्हाशी संयोग पावून कातडी भाजतात आणि मागे काळे डाग ठेवतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द निर्धोकपणाची ग्वाही देत नाही.

भुवयांचे प्रकरण

आता भुवयांकडे वळू. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू नये, हे भुवयांचे काम आपण शाळेत शिकलो. पण त्यांचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. साद्र, जारुदी आणि सिन्हा या संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नामांकित व्यक्तींच्या छायाचित्रांतून एकदा डोळे पुसले आणि एकदा भुवया पुसल्या. डोळे नसलेले चेहरे लोकांनी जितके ओळखले, त्याहून भुवया नसलेले चेहरे कमी ओळखले. राग, नवल, शंका, लाडिक रुसवा हे सारे बोलून दाखवण्याआधी भिवईत उमटते. भुवईचा आकार जरा बदलला की सगळा चेहरा बदलल्यासारखा वाटतो, तो यामुळेच.

भुवया कोरण्याची दोऱ्याची रीत भारतात आणि इराणात जुनी आहे. सुती दोऱ्याला मध्ये पीळ देऊन त्याची कात्री करतात. पीळ पुढे सरकला की केस त्यात अडकतात आणि मुळासकट निघतात. एका रेषेतले केस एकदम निघत असल्याने कडा रेखीव येते आणि मेणासारखी कातडी सोलली जाण्याचे भय कमी असते. साधा दोरा आणि दोन हात एवढ्या भांडवलावर असंख्य स्त्रियांनी आपला संसार उभा केला आहे, ही गोष्टही या निमित्ताने नमूद केली पाहिजे. हे कौशल्य हलके लेखण्यासारखे नाही.

‘कोरल्याने केस राठ येतात’ हा समज मात्र खोटा आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या शास्त्रज्ञ स्त्रीने १९२८ मध्येच दाढीवर प्रयोग करून दाखवले, की वस्तऱ्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो राठ लागतो. उपटलेल्या केसाच्या बाबतीत भीती उलटी आहे. वर्षानुवर्षे तीच जागा उपटत राहिले तर मूळ दुबळे होऊन केस कायमचा येईनासा होतो. ज्यांनी तारुण्यात फॅशन म्हणून भुवया दोऱ्याएवढ्या बारीक केल्या, त्यांतील अनेकींना पुढे पेन्सिलीचा आधार घ्यावा लागला. डोक्याचा केस दोन ते सहा वर्षे वाढत राहतो. भुवईचा केस जेमतेम काही आठवडे वाढतो आणि मग थांबतो. भुवया वेणी घालण्याइतक्या वाढत नाहीत, त्याचे कारण हेच. म्हणून बिघडलेला आकार सावरायला दोन-चार महिने धीर धरावा लागतो.

हल्ली ‘लॅमिनेशन’ म्हणून प्रकार आला आहे. थायोग्लायकोलिक आम्लाच्या द्रावणाने केसातल्या गंधकाचे दुवे सैल करतात, केस हव्या त्या दिशेला बसवतात आणि दुसऱ्या द्रावणाने ते दुवे पुन्हा जोडतात. डोक्याचे केस कुरळे करण्याचीच ही क्रिया. काम निर्जीव केसावर चालते हे खरे, पण द्रावण डोळ्यापासून बोटभर अंतरावर असते. भुवया रंगवण्याच्या कलपात पॅरा-फिनिलिन-डायअमीन, म्हणजे पीपीडी, हे द्रव्य पुष्कळदा असते. काहींना त्याचे वावडे असते आणि मग पापण्या सुजून डोळे मिटतात. यासाठी कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर लावून ४८ तास वाट पाहावी. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस असतो. ‘काळी मेंदी’ म्हणून जी मिळते, तिच्यात बहुधा हेच पीपीडी मिसळलेले असते.

येथे पार्लर चालवणाऱ्या भगिनींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. कोरल्याशिवाय भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होत चालला असेल, तर ते थायरॉइड ग्रंथी मंदावल्याचे लक्षण असू शकते. भुवया झडणे आणि त्याबरोबर त्वचा जाड होणे, किंवा अंगावर बधिर चट्टे असणे, हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. आणि तो रोग आज औषधाने पूर्ण बरा होतो. आपल्या गिऱ्हाइकाचा चेहरा महिन्यातून एकदा इतक्या जवळून पाहणारे तुमच्याखेरीज दुसरे कोण असते? पेन्सिलीने ती जागा भरून देण्याआधी ‘एकदा डॉक्टरांना दाखवा, ताई’ असे म्हणालात, तर मोठेच काम होईल.

हद्द कोठे ओलांडली जाते?

येथवर सारे ठीक. पण बाजाराला एवढ्यावर समाधान नसते, आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही नसते. आपल्याला गोरेपणा हवा असतो.

त्वचेचा रंग ठरतो तो बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या रंगपेशींनी. काळ्या माणसात आणि गोऱ्या माणसात या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. त्या किती आणि कोणत्या जातीचे मेलॅनिन तयार करतात, एवढाच भेद. हे मेलॅनिन म्हणजे उन्हाविरुद्धची छत्री आहे. १९७९ च्या एका अमेरिकन अभ्यासात कृष्णवर्णीयांच्या बाह्यत्वचेची संरक्षणशक्ती १३.४ आणि गोऱ्यांची ३.४ अशी मोजली गेली. या छत्रीला आपण डाग समजतो, यापरते नवल कोणते! ब्लीचने चेहऱ्यावरची बारीक लव पिवळसर होते आणि काही दिवस चेहरा उजळ भासतो. तळाच्या रंगपेशींना त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे जन्मजात वर्ण खरोखर बदलायचा तर जिवंत पेशींनाच हात घालावा लागतो. अपाय सुरू होतो तो येथे.

हा अपाय तीन वाटांनी येतो. पहिली वाट स्टेरॉइड मलमांची. ही मलमे इसब वगैरे रोगांवर वैद्याच्या देखरेखीखाली उत्तम औषध आहेत. निरोगी चेहऱ्यावर लावली तर पहिले काही आठवडे रंग उजळतो, मुरमेही दबतात आणि लावणारी खूश होते. मग कातडी पातळ होऊ लागते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, मुरमे उसळतात. मलम सोडावे तर चेहरा लाल होऊन आग आग होते, म्हणून पुन्हा मलम. व्यसनाचा फेरा तो हाच. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचे स्वतंत्र नावच दिले आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा १४ औषधांची चिठ्ठीविना विक्री बंद करणारी अधिसूचना काढली. परंतु कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘ती गोरे व्हायची ट्यूब’ अजूनही मागून आणली जाते.

दुसरी वाट पाऱ्याची. पारा रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून रंग उजळतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. केरळात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले गेले. त्यांपैकी १५ जणांत एक विरळा प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे वापरत होते. हे दूरचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्याच विदर्भातील एका घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडे अशाच एका क्रीमने दुखावल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघडकीस आले, आणि २०२३ मध्ये वर्तमानपत्रांनी ते छापले. एक डबी, एक घर, तीन रोगी!

तिसरी वाट सुईची. भुवईत सुईने रंग भरणे, चेहऱ्याला सुयांनी टोचून रक्तातला द्रव लावणे, गोरेपणासाठी शिरेतून इंजेक्शने घेणे, हे सारे शृंगी थराची तटबंदी फोडून आत शिरणारे प्रकार आहेत. जिथे रक्त आले तिथे रक्तातून पसरणारे रोग आले. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका बिनपरवाना स्पामध्ये अशा ‘रक्ताच्या फेशियल’मधून निदान तिघींना एचआयव्हीची लागण झाली असावी, असा निष्कर्ष तेथील सरकारी आरोग्यसंस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला.

मी सांगितलेली हद्द माझ्या पदरची नाही. आपल्या कायद्यानेही ती तशीच आखली आहे. १९४० चा मूळ औषधांचा कायदा १९६२ च्या दुरुस्तीने प्रसाधनांनाही लागू झाला. स्वच्छ करणे, सुंदर करणे, आकर्षकपणा वाढवणे, रूप बदलणे यांसाठी जे अंगाला लावायचे ते प्रसाधन. रोग बरा करण्यासाठी किंवा शरीराच्या रचनेवर वा क्रियेवर परिणाम करण्यासाठी जे द्यायचे ते औषध. प्रसाधन पार्लरने द्यावे, औषध वैद्याने.

गिऱ्हाइकाने काय पाहावे?

तेव्हा खुर्चीत बसण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. दोरा दर गिऱ्हाइकाला नवा असावा आणि तो दातात धरण्याऐवजी गळ्यात अडकवलेला असावा. हात धुतलेले असावेत. चामखीळ आणि पाण्याच्या पुळ्या अस्वच्छ दोऱ्यावाटे एकीकडून दुसरीकडे गेल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. दुसरे, जी डबी चेहऱ्याला लावणार तिच्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक असावा. ‘आमचे खास क्रीम’ म्हणून कोऱ्या डबीतून येते, त्याला हात जोडावेत. तिसरे, आठवडाभरात गोरे करतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. निरुपद्रवी वस्तू इतक्या लवकर गुण दाखवीत नाही. चौथे, वांग, मुरमे, चट्टे हे रोग आहेत. त्यांना फेशियल नव्हे, वैद्य लागतो. आपल्या सावळ्या कातडीचा एक स्वभाव ध्यानात ठेवा. तिला कुठेही भाजले, खरचटले वा चुरचुरले, की बरे होताना ती काळा डाग ठेवते. म्हणून ‘जरा आग होईल, सहन करा’ हा सल्ला तिला मानवत नाही. वांगाला ऊन वाढवते, तेव्हा छत्री, पदर आणि उन्हापासून रक्षण करणारे मलम यांचा खर्च कोणत्याही सोनेरी लेपापेक्षा सत्कारणी लागतो.

शेवटी सभेतल्या पुरुषवर्गाला आणि वडीलधाऱ्यांना दोन शब्द. पाऱ्याची डबी घेणारी मुलगी मूर्ख नसते. स्थळे पाहायला लागल्यापासून ‘मुलगी चांगली आहे, पण रंगाने जरा डावी’ हे वाक्य तिने दिवाणखान्यात चहाचे कप ठेवताना ऐकलेले असते. वधू पाहिजेच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द आपणच पैसे मोजून छापतो. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातला गोरेपणाचा शब्द काढून टाकला. व्यापाऱ्याने पाटी बदलली. आपण बोलणे कधी बदलणार?

नटण्याची हौस ही माणसाची जुनी आणि निर्मळ हौस आहे. भुवया रेखीव कराव्यात, सणाला उटणे लावावे, लग्नाला फेशियल करावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण पुढच्या खेपेला घरातल्या मुलीच्या रंगाविषयी तोंडात शब्द येईल, तेव्हा तो तिथेच गिळून टाका. त्या एका पथ्याने जितक्या चेहऱ्यांचे रक्षण होईल, तितके कोणत्याही अधिसूचनेने होणार नाही.